शिरा गायब होत नाहीत, पोटरी मात्र कामाला लावता येते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी केस कापण्याचं काम करतो. या धंद्यात रोजचं वर्तमानपत्र फुकट वाचायला मिळतं आणि त्यावरची गिऱ्हाइकांची मतंही फुकटच मिळतात. आपल्या आरोग्य पुरवणीत व्हेरिकोज व्हेन्सवर, म्हणजे पायांतल्या फुगलेल्या, पिळदार शिरांवर, लेख आला, त्या दिवशी तर तीन खुर्च्यांवर तीच चर्चा होती. एका जुन्या गिऱ्हाइकाने लेखाचं पान फाडून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "घ्या, तुमचं काम झालं." माझ्या पायाची कहाणी त्याला ठाऊक आहे.

काम झालं नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर छापताना कात्री लावा, माझी हरकत नाही. फक्त शिरेतून रक्त येऊ लागलं तर काय करायचं, हा भाग कापू नका.

लेखात चांगलं बरंच होतं. चाला, वजन आटोक्यात ठेवा, पाय उंचावर ठेवून पडा, तासन्‌तास एका जागी उभं राहू नका. हे सगळं बरोबर आहे आणि यातलं बहुतेक मी रोज करतो. खटकला तो मथळा. घरगुती उपायांनी शिरा मुळापासून बऱ्या होतात, काही आठवड्यांत गायब होतात, असं आपण मोठ्या टाइपात छापलं. एकदा पिळदार होऊन वर आलेली शीर तेलाने, व्हिनेगरने किंवा व्यायामाने पुन्हा सरळ होत नाही. गरोदरपणात आलेल्या शिरा तेवढ्या बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याचदा ओसरतात, कारण तिथे वाढलेलं रक्त, संप्रेरकांनी सैल पडलेल्या भिंती आणि गर्भाशयाचा भार ही कारणंच निघून जातात. बाकीच्यांनी तशी आशा धरू नये.

कारण साधं आहे. हृदय रक्त पायापर्यंत पोचवतं, पण ते वर परत चढवण्याचं काम मुख्यतः पोटरीचं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल पडले की तेच रक्त खाली घसरू नये म्हणून शिरांच्या आत जागोजाग इवल्या झडपा असतात, फक्त वरच्या दिशेने उघडणाऱ्या. इटलीतल्या पादुआच्या फॅब्रिशियस या शरीररचनातज्ज्ञाने १६०३ मध्ये या झडपांचं वर्णन छापलं. त्या नेमक्या कशासाठी आहेत, हे त्याच्याच विद्यार्थ्याने, विल्यम हार्वेने, १६२८ मध्ये दाखवून दिलं. झडपेच्या पाकळ्या एकमेकींना टेकेनाशा झाल्या की रक्त खाली गळतं, खालची शीर ताणली जाते, ताणली की तिच्याही झडपेच्या पाकळ्या लांब जातात. बिजागरीतून निखळलेलं दार रोज तेल लावून जसं बसत नाही, तशीच ही झडपही बसत नाही.

आता आकडा सांगतो, कारण त्या आकड्यानेच माझी दिवसभराची वागणूक बदलली. माणूस निश्चल उभा असला की घोट्याजवळच्या शिरेतला दाब साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच तो ३०च्या आसपास उतरतो, अर्थात झडपा धड असतील तर. म्हणजे उभं राहण्यापेक्षा न हलता उभं राहणं पायाला जास्त महागात पडतं. आमच्या धंद्यात नेमकं तेच होतं. खुर्चीभोवती फिरतो असं लांबून वाटतं, पण कानामागची रेघ काढताना किंवा मशीनने मानेवर उतार देताना माणूस एका पायावर भार टाकून पुतळ्यासारखा थांबतो. माझा भार डाव्या पायावर. शिरा आल्या त्याही डाव्याच पायाला. माझ्या आईलाही होत्या, म्हणजे दोष सगळा खुर्चीचा नाही. हे दुखणं घराण्यातून येतं, वयाने वाढतं, आणि दोन्ही पालकांना असेल तर मुलांना येण्याची शक्यता बरीच जास्त असते. आनुवंशिकतेवर कुणाचा इलाज नाही, हेही लेखात यायला हवं होतं. नाहीतर रोज चालणाऱ्या सडपातळ माणसाला शिरा आल्या की तो स्वतःलाच दोष देत बसतो.

लेखातली दुसरी गफलत म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकल्या. मांडीवर किंवा घोट्याजवळ लाल-जांभळ्या बारीक रेषांचं जाळं दिसतं त्या स्पायडर व्हेन्स. त्यांची जाडी एक मिलिमीटरच्या आत असते. व्हेरिकोज म्हणायची ती तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड, उभं राहिल्यावर त्वचेवर उठून दिसणारी, हाताला लागणारी शीर. या दोन्हींच्या मधल्या, हिरवट-निळ्या शिरा वेगळ्या. बारीक जाळं बहुतेकांना असतं आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात १८ ते ६४ वयाच्या १५६६ लोकांचे पाय तपासले गेले, त्यात ८० टक्क्यांहून जास्त लोकांना ही बारीक जाळी होती. इतक्या लोकांना असलेल्या गोष्टीला रोग म्हणून घाबरवायचं कशाला? दिसायला नको वाटत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे इंजेक्शन आहे, लेझर आहे. पुढे दुसरीकडे नवं जाळं येऊ शकतं, हे आधी विचारून घ्यावं एवढंच. मात्र जाळं घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारखं दाट पसरलं असेल आणि पाय जडही होत असेल, तर आतली मोठी शीर गळते आहे का, ते बघून घ्यायला हवं.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली आणि ती मला फार आवडली. मोठ्या शिरा फुगलेल्या पुरुषांचं प्रमाण होतं ४० टक्के, बायकांचं ३२. आपल्या लेखात फोटो कुणाच्या पायांचा होता? बाईच्या. नेहमी तोच असतो. परिणाम असा की पुरुष फुल पॅन्ट घालतात आणि गप्प बसतात. माझ्या खुर्चीत बसणारे ड्रायव्हर, वेटर, शिक्षक, वॉचमन यांना मी मुद्दाम विचारतो, आणि पॅन्ट वर करून दाखवतात तेव्हा कळतं की वर्षानुवर्षं कुणाला दाखवलेलंच नाही.

मी काय करतो ते सांगतो. उपदेश म्हणून नव्हे, उभ्याने काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाला जमलं तर बघावं म्हणून.

पहिलं म्हणजे टाचा. केस कापताना माझ्या कंबरेखाली काय चाललंय ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, आरशात तो स्वतःला बघत असतो. खुर्चीच्या पाठीला हलकेच हात टेकवून मी दोन्ही टाचा सावकाश उचलतो, चवड्यांवर क्षणभर थांबतो आणि सावकाशच खाली येतो. घाईने उड्या मारल्यासारखं करून पोटरी नीट आवळत नाही. एका बाजूचे केस झाले की काही वेळा, दुसऱ्या बाजूला गेलो की काही वेळा, असं चालू असतं. कंगवा हातात असताना चालतं, कात्री असताना जपून. वस्तरा हातात असला की मात्र दोन्ही टाचा जमिनीवर, तिथे माझ्या पोटरीपेक्षा गिऱ्हाइकाचा गळा मोठा. बसून काम करणाऱ्यांनी बसल्या जागी टाच टेकवून चवडा वर, मग चवडा टेकवून टाच वर, असं करावं. घोटा आखडला असेल तर पोटरीचा पंप अर्धाच चालतो, म्हणून घोटा पूर्ण वर-खाली होतो की नाही हेही बघायला हवं. उंच टाचांच्या चपलांत हीच अडचण होते, त्यात टाच मुळात वरच असते, पोटरीला आवळायला जागा उरत नाही. पायावर पाय टाकून बसण्याला जेवढं बदनाम केलं जातं तेवढा पुरावा त्याविरुद्ध नाही. फार वेळ कसंही बसू नये, एवढंच खरं.

दुसरं, चाकाचं स्टूल. उंची कमी-जास्त होणारं, खोगिरासारख्या बैठकीचं. त्यावर बसून खुर्चीभोवती सरकत केस कापता येतात, मानेमागचं काम तर जास्त चांगलं होतं, कारण डोळा रेषेच्या समोर येतो. सुरुवातीला जुने कारागीर हसले. बसून हजामत करणारा आळशी, असा आमच्यात समज आहे. आता स्टुलासाठी त्यांच्यात नंबर लागतात.

तिसरं म्हणजे घरी गेल्यावर पाय उंच करून पडणं. इथे बहुतेक लोक चुकतात. पाय समोरच्या खुर्चीवर टाकून टीव्ही बघणं म्हणजे पाय उंच ठेवणं नव्हे. पाय छातीपेक्षा वर हवेत, म्हणजे पाठ टेकून आडवं व्हायला हवं. पोटऱ्यांखाली उशा किंवा पाय भिंतीला लावून पंधरा मिनिटं. सूज उतरताना मला पायात मुंग्यांसारखं हलकं काहीतरी जाणवतं आणि मग पाय माझा वाटायला लागतो. दिवसात जमेल तेवढ्या वेळा करावं. कडकडीत पाण्यात पाय सोडून बसण्याचा मोह मात्र आवरावा, उष्णतेने शिरा आणखी पसरतात. गार पाणी बरं वाटतं.

चौथी गोष्ट दाबाच्या मोज्यांची, आणि यावर थोडं जास्त लिहितो, कारण हे मोजे घेणारे शंभर आणि घालणारे दहा अशी गत आहे. हे मोजे घोट्याला सर्वांत घट्ट आणि वर जाताना सैल असतात. ही कल्पना सुचली कॉनरॅड जॉब्स्ट नावाच्या अमेरिकेतल्या एका इंजिनियरला. त्याच्याच पायाला शिरांमुळे व्रण झालेले होते आणि पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की त्याला आराम पडायचा. पाण्याचा दाब तळाशी जास्त, वर कमी, म्हणजे पाण्याने पायाला आपोआप हवा तसा दाब दिला, हे त्याने ओळखलं आणि १९५०च्या सुमारास तसा मोजा तयार केला. डॉक्टरने न लावलेला शोध रोग्याने लावला याचं मला अजून कौतुक वाटतं.

मोजा घालायचा तो सकाळी अंथरुणातून उतरल्या उतरल्या, पायाला सूज चढायच्या आत. तोंडाकडून ओढत वर नेला की तो अर्ध्यात अडकतो आणि माणूस वैतागून कपाटात फेकतो. हात आत घालून टाचेचा खिसा चिमटीत धरायचा आणि वरून टाचेपर्यंतचा भाग उलटा करून घ्यायचा. मग पाऊल आत राहिलेल्या पुढच्या भागात सरकवायचं, टाच टाचेत बसली की उरलेला भाग पायावर थोडा थोडा उलगडत न्यायचा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली येते आणि नखाने धागाही ओढला जात नाही. वर पोचल्यावर गुडघ्यामागे एकही चुणी राहू द्यायची नाही. तिथे चुणी म्हणजे करकोचा. वर उरला म्हणून दुमडायचा तर मुळीच नाही, दुमडला की दाब दुप्पट. रात्री काढायचा. साधारण सहा महिन्यांत त्याचा ताण जातो, मग तो नुसता जाड मोजा उरतो.

माप घोट्याचं आणि पोटरीचं घेऊनच मोजा घ्यावा, आणि ज्यांना मधुमेह आहे, पायाला बधिरपणा आहे, किंवा चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावं लागतं, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घालू नये. पायाला शुद्ध रक्त नेणाऱ्या रोहिण्याच अरुंद असतील तर वरून आवळलेला मोजा पायाचं नुकसान करतो. आपल्या लेखात 'सर्वांनी घालावेत' असं एका ओळीत उरकलं होतं. मोज्याने जडपणा आणि सूज कमी होते, हे मी रोज संध्याकाळी बघतो. नव्या शिरा येणं त्याने थांबतं, याचा भक्कम पुरावा मात्र नाही.

तेल, व्हिनेगर आणि काढे यांच्याबद्दल माझं म्हणणं थोडक्यात. मालिश हा माझ्या धंद्याचाच भाग आहे, तेव्हा तिच्याविरुद्ध बोलणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय. थकलेल्या पायाला घोट्याकडून वर हलक्या हाताने केलेली मालिश सुख देते. झडप दुरुस्त करत नाही. फुगलेली शीर अंगठ्याने रगडून 'मोकळी' करण्याचा प्रकार तर करूच नये. व्हिनेगरच्या पट्ट्यांनी शिरा जातात, याला धड आधार नाही. झाडपाल्यात ज्यावर खरोखर अभ्यास झाले ते एकच नाव मला डॉक्टरांकडून मिळालं, हॉर्स चेस्टनट या झाडाच्या बियांचा अर्क. त्यावरच्या अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये घेतला आणि थोड्या काळापुरता तरी पाय दुखणं आणि सूज यांत फरक पडतो असं त्यात दिसलं. शीर जाते असं नव्हे. आणि त्याची कच्ची बी विषारी असते, अर्कातून ते विष काढून टाकावं लागतं. तेव्हा बी आणून घरी उकळायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडावा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर अर्कही विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता जे लेखात अजिबात नव्हतं ते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर काम करणाऱ्या कारागिराच्या घोट्याजवळ शिरेचा एक निळा फुगा होता, त्वचा त्यावर कागदासारखी पातळ झालेली. खाज आली म्हणून त्याने दुसऱ्या पायाच्या बुटाने घासलं. दुखलं काहीच नाही, फरशी लाल झाली तेव्हा त्याला कळलं. रक्ताची बारीक धार सरळ पुढे उडत होती. तो घाबरून खुर्चीत बसला, पाय खाली लोंबत. दुसऱ्याने टॉवेल पोटरीला गच्च आवळून बांधला. धार वाढली. एक गिऱ्हाईक अर्धवट केस कापलेला, गळ्यात कापड तसंच, उठून आला. तो दवाखान्यात काम करणारा निघाला. त्याने टॉवेल सोडला, माणसाला जमिनीवर उताणा झोपवला, पाय उचलून खुर्चीच्या बैठकीवर ठेवला आणि घडी केलेला स्वच्छ नॅपकिन नेमक्या त्या जागी बोटांनी दाबून धरला. मी बघत होतो, धार पाय वर गेल्या क्षणीच मंदावली. दहा-पंधरा मिनिटं त्याने बोट उचललं नाही, 'थांबलं का' म्हणून एकदाही डोकावून बघितलं नाही. मग पट्टी बांधून दवाखान्यात नेलं.

नंतर त्याने समजावलं ते असं. शिरेतलं रक्त वर जाणारं असतं. वरच्या बाजूला आवळलं की त्याची वाट बंद होते, पण आत रक्त आणणारी रोहिणी चालूच राहते, म्हणून रक्त जास्त येतं. बसलेल्या माणसाच्या घोट्यात दाब भरपूर असतो. आडवं करून पाय वर केला की तो जवळजवळ संपतो. अशा रक्तस्रावाने एकटीदुकटी, वयस्क माणसं दगावलेली आहेत. झोपवा, पाय वर करा, जागेवर दाबा, आवळून बांधू नका, डॉक्टरांकडे न्या. एवढ्या पाच गोष्टी लेखात असत्या तर बाकी सगळं मी माफ केलं असतं.

दुसरं, एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर ती खोल शिरेतली गुठळी असू शकते. तिथे तेलाचा हात लावायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणही दवडायचा नाही, गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. आणि तिसरं, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी होणं, तिथे इसब उठणं, कातडी कडक होऊन पाय खाली निमुळता होणं. तपकिरी रंग हा शिरेतून बाहेर झिरपलेल्या रक्तातल्या लोहाचा असतो, मळाचा नाही. घासून जात नाही. यानंतरची पायरी म्हणजे न भरणारी जखम. अशी जखम झालेल्या ४५० रोग्यांचा ब्रिटनमधला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दाबाच्या पट्टीबरोबरच गळकी शीर लवकर बंद केली त्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली. शिरेचं काम पुढे ढकललं त्यांना ८२ दिवस लागले. 'आधी घरगुती करून बघू' म्हणताना हा फरक डोळ्यांसमोर असावा.

लोक ऑपरेशनला भितात आणि त्यांना हसायचं कारण नाही. रोमन सेनापती मारियसने, ख्रिस्तपूर्व काळात, स्वतःला बांधून न घेता एका पायाच्या शिरा कापून घेतल्या आणि वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा नको म्हणाला; बरं होणं एवढ्या वेदनेच्या लायकीचं नाही, असं त्याचं मत पडलं. युरोपात पुढे शिरा उघडून रक्त काढायचं काम आमच्याच धंद्यातले लोक करायचे, लंडनमध्ये सर्जन मंडळी न्हाव्यांपासून वेगळी झाली ती १७४५ मध्ये. चांगलं झालं, दोघांचंही आणि गिऱ्हाइकांचंही.

आता चित्र पालटलं आहे. माझी डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतलं रक्त कुठल्या दिशेने वाहतं ते दाखवणारी तपासणी, मला उभं करून केली. झोपवून केली तर गळती नीट दिसत नाही. जांघेतून घोट्यापर्यंत जाणारी, कातडीखालची वरवरची मोठी शीर गळत होती. जागा बधिर करून आत बारीक तार घातली आणि उष्णतेने ती शीर आतून बंद केली. त्याच दिवशी चालत घरी आलो. शीर बंद केल्यावर रक्त जाणार कुठून, ही शंका मलाही होती. पायाचं जवळजवळ ९० टक्के रक्त खोल शिरांतूनच वर जातं, त्यामुळे गळकी वरवरची शीर गेल्याने अडत नाही. कुठल्या दुखण्याला कुठला उपचार द्यावा हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही त्रास असलेल्यांना आधी हीच पद्धत, ती जमत नसेल तर शीर बंद करणाऱ्या फेसाचं इंजेक्शन, मग कापून काढणं, असा क्रम आहे. नुसते मोजे द्यायचे ते यातलं काहीच करता येत नसेल तेव्हा. अर्थात पुढे दुसऱ्या शिरा फुगू शकतात, म्हणून टाचा, स्टूल आणि उशा माझ्या अजून चालू आहेत.

शेवटचं मालकलोकांसाठी. डेन्मार्कमध्ये हजारो कामगारांवर बारा वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास २००५ मध्ये आला. कामाचा तीन चतुर्थांश वेळ उभ्याने किंवा चालत घालवणाऱ्यांना व्हेरिकोजसाठी रुग्णालयात जायची वेळ इतरांच्या साधारण पावणेदोन पट आली. रिकामा वेळ असतानाही काउंटरमागच्या माणसाला बसू न देणं ही कुठली शिस्त? गिऱ्हाईक नसेल तेव्हा टेकायला स्टूल आणि तासाभराने चार पावलं फिरायची मुभा, याला खर्च जवळजवळ शून्य येतो. आरोग्य पुरवणीत कामगाराला टाचा उचलायला सांगताना मालकाला स्टूल ठेवायलाही सांगावं.

आपल्याकडे विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत रक्त थांबवण्याच्या त्या पाच गोष्टी आणि सुजलेल्या पोटरीची सूचना चौकटीत छापावी, मथळ्याइतक्याच मोठ्या टाइपात. मी ती कापून आरशाच्या कोपऱ्यात लावीन. सोबत फोटो टाकणार असाल तर या खेपेस पुरुषाच्या पायाचा टाका. मिळाला नाही तर माझा उजवा पाय आहे, त्यावर बारीक जाळी छान उमटलेली आहे.

आपला,
एक नियमित वाचक आणि केशकर्तनकार